चहाच्या पेट्या नि रुईच्या गाठी

वक्ता उठला की १७७३ साली बोस्टन बंदरात बुडविलेल्या ३४२ चहाच्या पेट्या सांगतो. प्रतिनिधी नाही तर कर नाही, हा त्या लोकांचा बाणा! बाणा खरा. पण आम्ही चांदूर रेल्वेकडचे कुणबी-माळी पुसतो, तो आमच्या दारी का अडला? १८५३ साली निजामाने फौजेच्या कर्जापायी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला; १९०२ साली सालिना २५ लाखांवर कायमचा पट्टा झाला. सारा भरला शेतकऱ्याने, रुईच्या गाठी गेल्या आगगाडीने. सौद्यात त्याला विचारले कोणी?

आणि ती अमेरिका तरी कशी? १७७६ चा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन स्वतःच गुलामांचा धनी! सर्व माणसे समान म्हणणाऱ्या त्या देशात गुलाम सुटले १८६५ साली. म्हणूनच जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती चहा बुडविणारांस नव्हे, गुलाम मोकळे करणारांस. हे मात्र वक्तेमहाशय विसरतात.

१९२७ साली अमरावतीस अंबादेवीचे दार अस्पृश्य बंधूंस उघडा म्हणून सत्याग्रह करावा लागला. ते दार इंग्रजाने लावले नव्हते. बोस्टनचे गोडवे गाणारे त्या पायरीवर किती वेळ उभे राहिले, तेवढे आधी सांगा.