चंद्राच्या रात्री कोरलेली फळी, जी अजून कुणालाच वाचता येत नाही

जैसलमेरजवळ उभं राहून पायाखाली सरळ भोक पाडत गेलो आणि पृथ्वीच्या आरपार निघालो, तर कुठे बाहेर येऊ? प्रश्न लहान मुलांचा आहे, पण उत्तर मोठ्यांनाही आवडेल. आपण थेट पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या अगदी जवळ बाहेर येऊ. नकाशावर हे बेट आपल्या राजस्थानच्या बरोबर उलट्या टोकाला आहे. जैसलमेरला चंद्र मावळतो, त्याच सुमारास तिकडे तो उगवत असतो.

या बेटाचं तिथल्या लोकांचं नाव आहे रापा नुई. ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, डच खलाशी याकोब रोखेवेन तिथे पोहोचला आणि युरोपनं बेटाला 'ईस्टर' नाव देऊन टाकलं. आज हे बेट चिली देशात मोडतं, पण चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटर दूर आहे. 'मोआई' नावाचे ते दगडी, लांब चेहऱ्यांचे पुतळे तुम्ही फोटोंत नक्की पाहिले असतील. आज मात्र आपण दगडाबद्दल नाही, लाकडाबद्दल बोलणार आहोत.

घरोघरी असलेली लिपी

१८६४ साली युजेन एरो हा फ्रेंच धर्मप्रचारक बेटावर राहायला आला. त्यानं लिहून ठेवलं की, इथे प्रत्येक घरात लाकडाच्या फळ्या आणि काठ्या आहेत आणि त्यांवर बारीक चिन्हं कोरलेली आहेत. माणसं, पक्षी, मासे, चंद्रकोरी, रोपटी. प्रत्येक चिन्ह जेमतेम एक सेंटिमीटर उंच. या लिपीला 'रोंगोरोंगो' म्हणतात. बेटावरचे लोक सांगत की, ती शार्क माशाच्या दातानं किंवा ज्वालामुखीच्या काचेच्या पातीनं कोरली जाई.

वाचायची पद्धतही न्यारी. डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, ओळ संपली की फळी उलटी फिरवायची आणि पुढची ओळ वाचायची. दर ओळीला पुन्हा तेच. म्हणजे एक ओळ सुलट दिसते, तर तिच्या शेजारची डोक्यावर उभी.

एरोनं फळ्या पाहिल्या, तोवर त्या वाचणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. का? कारण फक्त दोन वर्षांपूर्वी, १८६२ च्या अखेरीपासून, पेरू देशातून गुलाम पकडणाऱ्यांची जहाजं आली होती. त्यांनी सुमारे दीड हजार लोक उचलून नेले. त्यांत राजघराण्यातले आणि लिपी जाणणारेही होते. आरडाओरडा झाल्यावर वाचलेल्या मोजक्या लोकांना परत पाठवलं गेलं, पण त्यांच्यासोबत देवीचा रोग आला. १८७७ साली बेटावर फक्त १११ माणसं उरली होती.

आगीत ग्रंथालय जळतं, तेव्हा आपण हळहळतो. इथे फळ्या जागेवरच होत्या. वाचणारे डोळे मात्र गेले.

मासेमारीच्या दोरीखाली सापडलेली फळी

१८६८ साली ताहितीचे बिशप जोसाँ यांना बेटावरच्या नवख्रिस्ती लोकांनी एक भेट पाठवली. माणसांच्या केसांची लांब दोरी, एका छोट्या फळीवर गुंडाळलेली. बिशपनी दोरी उलगडली, तर खाली रोंगोरोंगो! त्यांनी बेटावर तातडीनं निरोप धाडला की, अशा फळ्या मिळतील तेवढ्या गोळा करा. मिळाल्या फारच थोड्या.

आज जगभरात मिळून अशा सुमारे दोन डझन वस्तू शिल्लक आहेत. रोम, सांतियागो, सेंट पीटर्सबर्ग, लंडन, व्हिएन्ना, होनोलुलू अशा गावी त्या आहेत. खुद्द रापा नुईवर अस्सल फळी एकही नाही.

बिशपनी वाचणाराही शोधला. ताहितीत काम करणारा मेतोरो नावाचा रापा नुईचा माणूस त्यांना भेटला. तो फळी हातात घेई आणि सूर लावून म्हणत जाई. बिशपनी सगळं टिपून घेतलं. पण त्याचा अर्थ लावायला गेलं, तर 'हा माणूस, हा पक्षी, हा उभा आहे' असं काहीतरी निघे. तो वाचत नव्हता, चित्रांचं वर्णन करत होता.

१८८६ मध्ये अमेरिकेच्या जहाजावरचा अधिकारी विल्यम थॉमसन बेटावर आला. उरे वाए इको या म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला फळ्यांच्या फोटोंवरून गाणी म्हणून दाखवली. मध्येच कुणीतरी फोटो बदलला. गाणं मात्र न अडखळता पुढे चालू राहिलं! म्हणजे गाणी खरी होती, पण ती पाठ होती. समोरच्या चिन्हांशी त्यांचा संबंध नव्हता.

अखेर एक धागा हाती लागला

आता येऊ या 'मामारी' नावाच्या फळीकडे. ती रोममध्ये आहे. दोन्ही बाजू मिळून जवळजवळ हजार चिन्हं. तिचं लाकूड कोणतं, हे ऐकून कोकणातल्या वाचकांना गंमत वाटेल. ते आहे पारसपिंपळाचं, ज्याला किनारपट्टीत भेंडीचं झाडही म्हणतात. तेच झाड, पिवळ्या फुलांचं, आपल्याही समुद्राकाठी वाढणारं.

१९५८ साली जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी रोंगोरोंगोच्या सगळ्या चिन्हांची क्रमवार यादी छापली. मामारीच्या एका बाजूला, सहाव्या ते नवव्या ओळीत, त्यांना एक वेगळाच नमुना दिसला. चंद्रकोरी, पुन्हा चंद्रकोरी, ठराविक गटांत, ठराविक अंतरानं. हे चांद्र महिन्याचं कॅलेंडर असावं, असं त्यांनी सांगितलं. १९९० मध्ये जाक गी यांनी त्यावर आणखी बारकाईनं काम केलं. आजही या लिपीतला हा एकच भाग असा आहे की, तो कशाबद्दल आहे यावर बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे.

हे कशावरून ठरलं? तर थॉमसननं बेटावरच्या आपल्या दोन आठवड्यांहूनही छोट्या मुक्कामात महिन्यातल्या रात्रींची नावं लिहून घेतली होती. पुढे इतर अभ्यासकांनीही ती विचारून घेतली. लिपी विसरली गेली होती, पण चंद्राच्या रात्री लोकांच्या तोंडी होत्या.

त्या यादीत पौर्णिमेआधी 'कोकोरे' नावाच्या सहा रात्री येतात. कोकोरे एक, कोकोरे दोन, अशा. पौर्णिमेनंतर पुन्हा कोकोरे, पण या वेळी पाच. आपल्या द्वितीया, तृतीया, चतुर्थीसारखी ही आकड्यांची नावं. फळीवरचे चंद्रकोरींचे गट या यादीशी जुळले.

पौर्णिमेच्या जागी फळीवर बसलेल्या आकृतीचं चिन्ह आहे. अभ्यासकांच्या मते ती आहे आकाशात चूल पेटवणारी म्हातारी. पॅसिफिकच्या बेटांवर चंद्रावरच्या डागांत माणसं असंच काहीतरी पाहतात. आपल्याकडे तिथे ससा दिसतो, म्हणून चंद्र 'शशांक'. बंगालात तर चंद्रावर सूत कातणारी म्हातारीच बसलेली असते!

आणखी एक सुंदर खूण आहे. रात्रींच्या प्रत्येक गटाआधी गळाला लावलेल्या माशाचं चिन्ह येतं. पौर्णिमेआधीच्या चार ठिकाणी माशाचं डोकं वर, नंतरच्या चार ठिकाणी खाली. जणू शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष.

गणितही ओळखीचं आहे. चंद्राचा एक महिना साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा. रापा नुईच्या यादीत नेहमीच्या रात्री २८, आणि 'होतु' व 'हिरो' या दोन रात्री गरजेप्रमाणे धरायच्या. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते, त्याच अडचणीवरचा हा त्यांचा उपाय. कोणत्या महिन्यात जादा रात्र घ्यायची हे चंद्राकडे बघून कसं ठरवावं, याच्या सूचनाच या फळीवर आहेत, असं गी यांचं मत आहे.

आणि मेतोरो? त्यानं हा चंद्राचा भाग उलट दिशेनं म्हटला होता, आणि पौर्णिमेचं चिन्ह त्याला ओळखूही आलं नव्हतं.

मग ताऱ्यांचं काय?

रोंगोरोंगोत ताऱ्यांचे नकाशे आहेत, नक्षत्रं आहेत, ग्रहणं आहेत, असे दावे अनेकांनी केले. ऐकायला छान वाटतात. रापा नुईचे लोक तारे जाणत होते, यात शंका नाही. कृत्तिकांना ते 'मातारिकी' म्हणत, तर मृग नक्षत्रातल्या ओळीनं दिसणाऱ्या तीन ताऱ्यांना 'ताउतोरू'. न्यूझीलंडच्या माओरी लोकांतही 'मातारिकी' हेच नाव आहे, आणि २०२२ पासून तिथे मातारिकीची राष्ट्रीय सुट्टी असते. पुतळ्यांचे काही चौथरे याच ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या दिशा धरून बांधलेले असावेत, असंही काही अभ्यासक म्हणतात.

पण फळीवर तारे आहेत हे कसं सिद्ध करणार? चंद्राच्या बाबतीत बाहेरची साक्ष होती. रात्रींचा क्रम लोकांना पाठ होता, आणि तो चिन्हांच्या क्रमाशी ताडून बघता आला. ताऱ्यांची तशी क्रमवार यादी कुणाच्या तोंडून उतरवलेली नाही. मग उरतं ते फक्त 'हे चिन्ह ताऱ्यासारखं दिसतं'.

नुसतं दिसणं किती फसवतं, याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. १९३२ मध्ये हंगेरीचे हेवेशी यांनी जाहीर केलं की, रोंगोरोंगो आणि मोहेंजोदडोची सिंधू लिपी सारखीच आहे. जोडीजोडीनं चिन्हं मांडून दाखवली. जगभर खळबळ उडाली. पण सिंधू लिपी त्या फळ्यांहून हजारो वर्षं जुनी, मध्ये अर्धी पृथ्वी, आणि अस्सल फळ्यांशी ताडून पाहिल्यावर ते साम्यही बरंचसं विरून गेलं. माणसाचं चित्र कुठेही काढा, त्याला दोन हात आणि दोन पायच असणार!

तेव्हा पुढच्या वेळी 'गूढ लिपी उलगडली' असा मेसेज फोनवर आला, तर एकच प्रश्न विचारा : चिन्हांच्या बाहेरचा पुरावा कोणता?

नवी बातमी, जुनी दोरी

खरी प्रगती हळू होते. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी रोममधल्या चार फळ्यांच्या लाकडाचं वय तपासलं. तीन फळ्या बऱ्याच अलीकडच्या निघाल्या. चौथीचं लाकूड मात्र १४९३ ते १५०९ च्या दरम्यानचं. म्हणजे पहिला युरोपीय तिथे पोहोचण्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधीचं. झाड कधी तोडलं हे यातून कळतं, अक्षरं कधी कोरली हे नाही. तरीही बेटावरच्या लोकांनी लिपी स्वतःच, कुणाचं न बघता घडवली असेल, या शक्यतेला त्यामुळे बळ मिळालं. आणि ही चौथी फळी कोणती? तीच, जिच्यावर केसांची दोरी गुंडाळून बिशपना पाठवली होती.

रापा नुईचे लोक आजही आपल्या बेटावर राहतात, त्यांची भाषा बोलतात. फळ्यांवरच्या पंधरा हजारांहून जास्त चिन्हांपैकी कॅलेंडरच्या थोड्या ओळी तेवढ्या आपल्याशी काही बोलल्या. त्याही बोलल्या, कारण बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना रात्रींची नावं आठवत होती आणि कुणीतरी वेळेवर ती विचारून लिहून घेतली.

आज रात्री चंद्र दिसला, तर घरातल्यांना तिथी विचारून बघा. फोन न उघडता कोण सांगतं, तेही बघा. आणि सांगणारी आजी असेल, तर प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत तिच्याकडून मुलांना एकदा म्हणून घ्या.