सुई मानेतच हवी

अमेरिकेतील गोमांसात दुग्धशाळांचा वाटा लहान नाही. दूध आटलेल्या गाई कत्तलीला जातात, तसे होल्स्टीन जातीचे गोऱ्हेही पुढे मांसासाठीच पोसले जातात. तरीही गोठ्यात त्यांना टोचताना हा विचार कुणाच्या मनात नसतो. पुठ्ठा हाताशी असतो, म्हणून सुई तिथेच खुपसली जाते.

या टोचणीची खूण जनावराच्या अंगात राहते. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवून दिले, की लहान वासराला स्नायूत दिलेल्या इंजेक्शनचा व्रण कित्येक महिन्यांनी, कत्तलीच्या वेळीही सापडतो. व्रण कापून टाकला तरी भागत नाही. भोवतालचे काही इंच मांस चिवटच राहते. वरून व्रण दिसतही नाही, ग्राहकाच्या ताटात उघड होतो. म्हणूनच तेथील ‘बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्स’ कार्यक्रमाचे नियम स्पष्ट आहेत: सुई मानेतच, शक्य तेथे कातडीखाली, एका जागी १० मिलिलिटरहून अधिक औषध नाही, वाकलेली सुई पुन्हा वापरायची नाही.

हाताळणीचेही तसेच. काठीचे फटके, गाडीत चढवताना बसलेला मुका मार यांचे काळेनिळे मांस शेवटी कापून फेकावे लागते. आणि त्याआधी वासराने वेदना सोसलेली असते, हे आम्हाला अधिक गंभीर वाटते.

दुग्धशाळांच्या मालकांनी गोऱ्ह्याला उपपदार्थ मानणे थांबवावे आणि वासरे सांभाळणाऱ्या प्रत्येक कामगाराला हे नियम पहिल्याच दिवशी शिकवावेत.