सिमेंट गॅपची पळवाट

या मासिकाकडे सध्या एकच तक्रार दोन बाजूंनी येते आहे. दंतवैद्य लिहितात, लॅबचा झिरकोनिया क्राऊन बसत नाही. लॅबवाले लिहितात, प्रिपरेशनच मिल होण्याजोगं नसतं. भांडण मिटवायचा उपायही ठरलेला: सॉफ्टवेअरमधला सिमेंट गॅप वाढवायचा. क्राऊन टपकन बसतो, डॉक्टर खूश, रिमेक टळतो. आत सिमेंटचा जाड थर राहिला आणि उद्या क्राऊन सुटला, तर दोष सिमेंटच्या कंपनीवर!

1 मिमी व्यासाच्या बरला 0.5 मिमीपेक्षा कमी त्रिज्येचा आतला कोपरा कापता येत नाही. मशीन कितीही महागडं असो, त्यातून सुटका नाही. खालच्या इन्सायझरची कड सुरीसारखी ठेवली, की क्राऊन त्या कडेवर अडतो आणि मार्जिन उघडं पडतं. नाहीतर ड्रिल कॉम्पेन्सेशन आतून जादा कापून पोकळी करतं. कड आणि लाइन अँगल गोल करायला खुर्चीवर असा कितीसा वेळ लागतो? तरी स्कॅन येतात ते धारदार, मार्जिन रक्तात बुडालेलं, आणि वर शेरा: ‘अर्जंट’.

लॅबनंही साळसूदपणाचा आव आणू नये. झिरकोनिया सिंटरिंगमध्ये 20 ते 25 टक्के आक्रसतो, म्हणून डिस्कवर बॅचचा एन्लार्जमेंट फॅक्टर दिलेला असतो. अर्धी वापरलेली डिस्क, पुसलेलं लेबल आणि अंदाजानं टाकलेला आकडा, हे सर्रास चालतं. 1.25 च्या जागी 1.24 टाकला, तर 10 मिमी रुंदीच्या मोलरवर 80 मायक्रॉन गेले. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी 1971 मध्ये, हजारावर रेस्टोरेशन तपासून, मार्जिनल गॅपसाठी सुचवलेली मर्यादा 120 मायक्रॉनची आहे. हा आकडा परीक्षेपुरता सगळ्यांना पाठ असतो.

झिजलेल्या बरबद्दल तर बोलायलाच नको.

डॉक्टर तुटेल या भीतीनं लॅब खराब स्कॅन परत पाठवत नाही, हे खरं दुखणं. लॅबवाल्यांनो, मार्जिन दिसत नसेल तर अंदाजानं रेघ ओढू नका; पेशंट खुर्चीवर आहे तोवर स्क्रीनशॉट पाठवून फोन करा. डॉक्टर मंडळींनी तो फोन उचलावा. आणि क्राऊन अडला तर ‘टाइट आहे’ एवढ्या निरोपावर परत पाठवू नये. फिट चेकर सिलिकॉन लावून क्राऊन नेमका कुठे भिडतो त्याचा फोटो सोबत जोडावा.