आगटीभोवतीचा रविवार

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा. चिकात भरलेला, पण अजून टणक न झालेला. कणीस निखाऱ्यात भाजायचे, तळहातावर चोळायचे आणि दाणे गरम असतानाच तोंडात टाकायचे, एवढीच त्याची पाककृती. डिसेंबर सरता सरता सोलापुरातली कुटुंबे रविवारी सकाळी मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटच्या रस्त्याला लागतात ती याच्यासाठी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. यात्रेला आलेले पाहुणेही मग एक दिवस कुणाच्या तरी रानात नेले जातात.

हा मेजवानीचा हंगाम ठरतो जमिनीवरून. सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ्या रानात पेरलेली रब्बी ज्वारी पुढे पाऊस नसला तरी मातीत मुरलेल्या ओलीवर वाढते. दाणा भरत असताना त्यात साखर असते. पक्व होताना तिचे पिष्ट होते आणि गोडी जाते. त्यामुळे एका रानाचा हुरडा जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो. पाहुणे जास्त असतील तर जाणता शेतकरी पेरणीच मागेपुढे करतो.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या मालदांडीची कीर्ती भाकरीची आणि कडब्याची. ‘मालदांडी 35-1’ हा गाजलेला वाण 1930च्या दशकात याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर निवड पद्धतीने तयार झाला. हुरड्याचा मान मात्र गुळभेंडी, सुरती, कुचकुची, दूधमोगरा अशा वाणांचा. त्यांचा दाणा गोड असतो आणि चोळला की बोंडातून चटकन सुटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे वाण काढले आहेत. तरी बांधाकडेच्या दोन ओळी घरच्या बियाण्याच्या राखणारे शेतकरी आहेत, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही.

आगटी म्हणजे जमिनीत खणलेला उथळ खड्डा. त्यात गोवऱ्या पेटवतात. जाळ बसू देतात, कारण जाळावर कणीस करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. निखाऱ्यावर राख धरली की कणसे त्यात खुपसायची, दांडे बाहेर. हिरवा दाणा किंचित काळवंडला, भाजका वास सुटला की बाहेर काढायचे. चोळणाऱ्याचे तळवे भाजतात. सवयीचा माणूस दोन हातांत कणीस फिरवत राहतो, नवखा पोत्याचा तुकडा मागतो. फुंकर मारून कोंडा उडवला की मूठभर हुरडा समोरच्याच्या हातात. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ, खोबरे, रेवड्या, बोरे, वर ताक.

हुरडा थांबत नाही आणि एकदम सगळ्यांना पुरतही नाही. एका खेपेला निघतात चार-सहा कणसे. पुढची भाजेपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नसतो, आणि गप्पा रंगतात त्या याच मधल्या वेळात. उजनीचे पाणी कधी सुटणार, कारखान्याने उसाला काय दर काढला, कुणाच्या मुलीला कुठले स्थळ आले, पंचायतीला कोण उभा राहतो. आगटीशी बसलेल्या वडीलधाऱ्याला कुणी मध्येच तोडत नाही. सगळ्यांचा पुढचा घास त्याच्याच हातात असतो.

पूर्वी हुरडा बोलावण्यावर मिळे, विकत नव्हे. आता कृषी पर्यटन केंद्रे माणशी आकार घेतात. त्यात गैर काही नाही. कोरडवाहू ज्वारीच्या भावाला भरवसा नाही, आणि हिरवी कणसे काढून घेतली तरी ताटे जनावरांना वैरण म्हणून उरतातच. आक्षेप आहे तो ताटलीत वाढून आणलेल्या निवलेल्या हुरड्याला, आणि त्याहून अधिक आगटीशेजारी लावलेल्या कर्ण्याला. शेजारच्याचे ऐकूच येणार नसेल तर कणसे घरी नेऊन गॅसवर भाजलेली काय वाईट?

ज्यांना जायचे आहे त्यांनी जागा ठरवताना दर विचारण्याआधी हुरडा आगटीवर बसून खायला मिळतो का, हे विचारावे. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर बेत ठेवू नये. तोवर दाणा पक्का होऊन काढणी तोंडावर आलेली असते.