अनवाणीचं कौतुक पुरे!

३१ डिसेंबरच्या रात्री सगळा ग्रुप पार्टीच्या प्लॅनमध्ये होता आणि मी वहीत बेरीज करत बसले होते. वर्षभरात धावलेले किलोमीटर : १,१२६. बूट : दोन जोड. पडले : तीनदा. कुत्री मागे लागली : मोजणं सोडून दिलं.

आधीच सांगते, मी काही भारी रनर नाही. दहा किलोमीटरला मला एक तास पाच मिनिटं लागतात, आणि त्यातही शेवटचा एक किलोमीटर मी देवाचं नाव घेत काढते. पण वर्षभर धावल्यावर एका विषयावर माझं ठाम मत झालंय, आणि तो विषय आहे बूट. हसू नका.

भिवंडीत धावणं म्हणजे काय, हे भिवंडीकरालाच कळेल. पहाटे साडेपाचला निघायचं, कामतघरला वऱ्हाळा देवी तलावाच्या बाजूने फेऱ्या मारायच्या, उजाडलं की मोठ्या रस्त्याला लागायचं. रात्रपाळीचे यंत्रमाग अजून चालू असतात, त्यांची खटखट कानात. इअरफोन लागतच नाहीत. रस्ता अर्धा सिमेंटचा, अर्धा खड्ड्यांचा आणि उरलेल्यात कंटेनर. (हो, गणित चुकलंय. रस्ताही तसाच आहे.)

पहिला जोड मी ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता पाहिला तर तालुका भिवंडी! घरापासून रिक्षाने जाता येईल अशा गोदामातून निघालेला बूट माझ्यापर्यंत यायला दोन दिवस लागले. आपल्याकडच्या गोदामांतून किती जणांची खोकी जातात, हे इथल्या पोरापोरींना चांगलं माहीत आहे, कारण ती खोकी भरायला तीच असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रनिंगचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, म्हणतात. वरून तो नवाच दिसतो, पण आतला फोम दबून मेलेला असतो. माझा सहाशेच्या पुढे गेला आणि नडगी दुखायला लागली. मी म्हटलं, सरावाने जाईल. नाही गेली. आठवडाभर विश्रांती आणि नवा जोड, मग गेली. आई म्हणाली, ‘आम्ही आयुष्यभर चपलेवर चाललो, आमच्या नाही दुखल्या नडग्या.’ आईला सिमेंटच्या रस्त्यावर रोज आठ किलोमीटर धावायला सांगायची माझी हिंमत नाही.

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी, म्हणून आम्ही ट्रेलकडे वळलो. कल्याणहून लोकलने आसनगाव, तिथून माहुलीचा पायथा. रस्त्यावरचे गुळगुळीत सोलचे बूट घालून मी शेवाळावर धावले आणि वर सांगितलेल्या तीनपैकी दोन वेळा तिथेच आपटले. ट्रेलच्या बुटाला खाली रबरी दात असतात, ते चिखलात रुततात. ते परवडत नसतील तर ट्रेकर मंडळींचे लाडके ‘अ‍ॅक्शन’चे बूट आहेत. लांब धावायला नाहीत बरे, पण दगडावर पाय सोडत नाहीत.

तिथे पायथ्याच्या वाडीतली चार-पाच पोरं आमच्या पुढे पळत होती. अनवाणी, भरभर. मी धापा टाकत म्हटलं, ‘वॉव, यांना बूट लागतच नाहीत!’ शेजारून लाकडाची मोळी घेऊन चाललेल्या मावशींनी ऐकलं. म्हणाल्या, ‘लागत्यात की. पावसात चिखल्या होत्यात पायाला.’ आणि गेल्या. मी तेव्हा हसून सोडून दिलं.

सप्टेंबरमध्ये मात्र सुटका झाली नाही. एका गावातल्या स्पर्धेत माझ्यासोबत सकाळी धावणारी एक मुलगी दुसरी आली. वय एकोणीस, दिवसा गोदामात पॅकिंगचं काम, पहाटे पोलीस भरतीची तयारी. त्या दिवशी ती अनवाणी धावली. मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, मला लगेच स्टोरी दिसली. तिच्या धुळीने भरलेल्या पायांचा फोटो काढला, इन्स्टावर टाकला. वर लिहिलं, ‘पायात बूट नाहीत, पण डोळ्यांत स्वप्नं आहेत.’ नेहमीच्या दसपट लाइक्स आले. हार्ट, फायर, हात जोडलेले.

चार दिवस ती सरावाला आली नाही. आली तेव्हा म्हणाली, ‘ताई, बूट आहेत गं माझ्याकडे. सोल उघडलाय म्हणून काढून ठेवले होते. तू लिहिलंस, बूटच नाहीत. बाबांना कुणीतरी दाखवलं. पोरीला बूट घेऊन देत नाही का, असं कामावर विचारलं त्यांना.’

मी पोस्ट काढली. सॉरी म्हटलं. पण डोक्यातून जाईना, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. अशी शंभर वाक्यं मी वाचली होती. आपल्याकडे धावणाऱ्या गरीब मुलांची बातमी पायापासून सुरू होते. सावरपाड्याच्या कविता राऊतबद्दल काय माहीत आहे, असं दहा जणांना विचारा. अनवाणी पळायची, हे नऊ जण सांगतील. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक जिंकलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकलं, हे दोघं-तिघं. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षं घाम गाळला, हे जवळपास कुणीच नाही. बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेचंही तेच. शाळेपर्यंतची रोजची सहा किलोमीटरची पायपीट सगळ्यांना पाठ. लष्करात गेल्यावर त्याला प्रशिक्षण मिळालं आणि तिथून तो स्पर्धेत धावणारा खेळाडू झाला, हे आपण एका ओळीत उरकतो. पण शाळेत चालत जाणारी मुलं हजारो असतात. फरक पडला तो पुढच्या भागाने.

जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं. १९६० मध्ये रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन त्याने अनवाणी जिंकली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. मोटिव्हेशनल रीलवाले तिथेच थांबतात. १९६४ मध्ये टोकियोला तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि वेळ होती २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. तीन मिनिटं कमी. सगळं श्रेय बुटाला देण्याइतकी मी भोळी नाही. पण मिळाल्यावर त्याने बूट घातले, एवढं तरी बघा.

आपल्या मातीतली गोष्ट तर याहून जुनी. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत दोराबजी टाटांनी शेतकरी मुलांना अनवाणी धावताना पाहिलं. त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी होती. टाटांनी ‘वा, काय जिद्द’ म्हणून टाळ्या वाजवल्या आणि विषय संपवला, असं झालं नाही. खटपट झाली, पैसे उभे राहिले आणि १९२० मध्ये खेळाडू बोटीने अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेले. त्यातला बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, आणि ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त! हे नाव मला पदवी संपेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, याचा रागही येतो.

आता दुसरं टोक. वीस-पंचवीस हजारांचे कार्बन प्लेटवाले बूट. २०२० पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला, रस्त्यावरच्या शर्यतीत सोल ४० मिलिमीटरहून जाड नको आणि प्लेट एकच. आमच्या रनिंग ग्रुपमध्ये दहा किलोमीटरला माझ्याहून जास्त वेळ घेणारे दोघं ते घालून येतात. घाला बापडे, पैसे तुमचे. (मलाही हवेत. खोटं कशाला बोलू?) पण एकीकडे या बुटांचे अनबॉक्सिंग आणि दुसरीकडे ‘बूट लागतच नाहीत, जिद्द लागते’ अशी पोस्ट, हे एकाच अकाउंटवर बघितलं की डोकं फिरतं. जिद्द लागते ती नेहमी दुसऱ्याला.

म्हणून कॉलेजवाल्यांना एक काम. तुमची फीची पावती काढा. त्यावर जिमखाना फी असेल. आमच्याही होती. तीन वर्षं भरली. क्रॉसकंट्रीच्या टीमला काय मिळालं? टी-शर्ट, तोही मुलांच्या मापाचा. बूट ज्याचे त्याने आणायचे. टीममध्ये असतात किती जण? सहा-सात. त्यांच्या साध्या, बऱ्या बुटांचा वर्षाचा खर्च एका अ‍ॅन्युअल डेच्या साउंड सिस्टिमएवढाही होत नाही. जिमखान्याच्या सरांना जाऊन विचारा. मी विचारलं नव्हतं. तेव्हा मला टी-शर्टच भारी वाटला होता.

आणि हो, भरतीच्या मैदानात मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, तिथे सेकंदांवर गुण ठरतात. उघडलेल्या सोलने किती सेकंद जातात, हे मोजणारा रकाना त्या फॉर्मवर नसतो.

नोव्हेंबरमध्ये मी तिला विचारलं, माझा जुना जोड देऊ का? माप एकच आहे. ती म्हणाली, ‘सहाशे किलोमीटरवाला? तूच म्हणालीस ना, तो मेलाय म्हणून?’ शेवटी ओव्हरटाइमच्या पैशांतून तिनेच नवे घेतले, दुकानात जाऊन, दोन्ही पायांत घालून, दुकानातल्या दुकानात उड्या मारून. मी नुसती स्टुलावर बसून होते.

आता पहाटे ती माझ्या पुढे असते. ८०० मीटरची वेळ विचारली तर सांगत नाही. म्हणते, ‘नको, तू परत लिहिशील.’