फुटलेल्या पडद्याच्या निमित्ताने

यंत्राचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. यंत्रे मोठी असावीत की लहान, त्यांची मालकी कोणाकडे असावी, त्यांनी किती हातांचे काम काढून घ्यावे, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. बिघडलेले यंत्र दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा आला नाही. तो कारागिराचा किंवा बाजारचा प्रश्न समजला गेला. आता तो तसा बाजूला ठेवता येणार नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपली मालकी खरोखर आहे की नाही, याची कसोटी ती वस्तू बिघडते त्या दिवशीच लागते.

आपण भंडारा जिल्ह्यापुरते बोलू. येथील धान उत्पादकाला हमीभावाने धान विकायचे तर संगणकावर नोंदणी करावी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, जातीचा दाखला, सारे काही त्याच मार्गाने जाते. ‘आपले सरकार’ सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणाची भाकरी एका लॅपटॉपवर अवलंबून असते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या घरी असे साधन नव्हते तेथील मुले शिक्षणाबाहेर कशी फेकली गेली, हे कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. लॅपटॉप ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, असे अजूनही मानणाऱ्या मित्रांनी मोहाडी वा पवनी तालुक्यातील एखाद्या सेवा केंद्रावर अर्धा दिवस बसून पाहावे. शासनाने स्वतःच ज्या साधनाला नागरिकत्वाच्या व्यवहाराची पूर्वअट बनविले, त्याला चैनीची वस्तू कसे म्हणता येईल?

या साधनाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्याचा पडदा. यंत्र हातातून निसटते, बिजागरी ताठ होते, कळफलकावर राहिलेल्या पेन्सिलीवर कोणी झाकण दाबतो, आणि पडदा जातो. पडून फुटलेला पडदा सामान्यतः हमीत बसत नाही. अधिकृत सेवा केंद्र बहुधा नागपूरला. भंडाऱ्याहून ते साठेक किलोमीटर, लाखांदूरहून त्याहून पुष्कळ अधिक. तेथे जाण्यायेण्यात मजुरी बुडते. तेथे कित्येकदा फुटलेला तेवढाच भाग न बदलता संपूर्ण झाकणाचा जोडच बदलण्याचा खर्च सांगितला जातो, आणि तो ऐकून माणूस यंत्र कपाटावर ठेवून देतो. यंत्राचे बाकीचे सर्व अवयव धडधाकट असताना ते मेले असे जाहीर होते.

वस्तुतः बिघाड कोठे आहे हे ओळखण्याचे ज्ञान गूढ नाही. मॅट्रिक झालेला कोणीही ते अर्ध्या तासात शिकू शकतो. पडदा काळा असेल, पण पंख्याचा आवाज येत असेल, तर प्रथम यंत्राला एचडीएमआय केबलने घरातील वा शेजारचा टीव्ही जोडावा. टीव्हीवर चित्र स्वच्छ दिसले तर यंत्राचा मेंदू शाबूत आहे. दोष पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. टीव्हीवरही काही दिसले नाही, तर नवा पडदा आणून उपयोग नाही. दोष मेमरीत किंवा मुख्य पाटीत शोधावा लागेल. दुसरी परीक्षा टॉर्चची. काळ्या पडद्यावर तिरपा उजेड टाकला असता आत चित्राची पुसट छाया दिसली, तर चित्र तयार होत आहे, परंतु त्यामागचा दिवा विझला आहे. तिसरी परीक्षा झाकणाची. ते हळूहळू मागेपुढे करताना चित्र येत-जात असेल, तर बिजागरीतून जाणारी बारीक केबल दुमडली वा सैल झाली आहे, आणि ती पडद्याच्या मानाने स्वस्त असते. चौथी परीक्षा पडद्यावरील रेघांची. पडद्याचे छायाचित्र यंत्रानेच घ्यावे, म्हणजे स्क्रीनशॉट, आणि तो दुसऱ्या यंत्रावर पाहावा. त्यात रेघा नसतील तर दोष पडद्याचा वा केबलचा. असतील तर चित्र बनविणाऱ्या भागाचा किंवा त्याच्या प्रणालीचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे आणि शाई सांडल्यासारखा डाग दिसला, तर मात्र काच फुटून आतील द्रवस्फटिक पसरले आहे. त्यावर उपाय एकच, पडदा बदलणे.

हे बदलण्याचे कामही पुष्कळशा जुन्या आणि साध्या यंत्रांत घरी होण्यासारखे आहे. यंत्र बंद करून चार्जर काढावा, आतील बॅटरीची जोडणी सोडवावी, हात धातूला लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी. रबरी टिकल्यांखालचे स्क्रू काढून झाकणाची चौकट प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने हलक्या हाताने उकलावी. पडद्याचे चार स्क्रू सोडवून तो कळफलकावर अंथरलेल्या मऊ कापडावर पालथा घालावा. त्याच्या पाठीवरील चिठ्ठीवर क्रमांक असतो. तोच या सर्व व्यवहाराची किल्ली होय. आकार, चित्रबिंदूंची संख्या, जोडणीच्या पिना तीस की चाळीस, जोडणीची जागा आणि कडेचे कान एवढे जुळले, तर कंपनीच्या पेटीतून न आलेला पडदाही चालतो. नवा पडदा जोडून प्रथम चित्र पाहावे, मगच चौकट बसवावी. काच थेट झाकणावर चिकटविलेली असेल, बॅटरी फुगलेली असेल, किंवा यंत्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे, आत नळीदिवा आणि त्यासाठी उच्च दाबाची वीज असलेले असेल, तर घरी हात घालू नये. जाणत्याकडे जावे. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हाही या ज्ञानाचाच भाग आहे.

मग हे ज्ञान सर्वत्र का पसरले नाही? त्याचे कारण अज्ञानात नाही, हितसंबंधात आहे. वस्तू लवकर मोडीत निघावी, यात उत्पादकाचा नफा असतो. १९२० च्या दशकात जगातील बड्या दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाची गुप्त युती करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आजची तऱ्हा अधिक सभ्य आहे. दुरुस्तीची पुस्तिका प्रसिद्ध करायची नाही, सुटे भाग स्वतंत्र कारागिराला विकायचे नाहीत, स्क्रूऐवजी डिंक वापरायचा. काही कंपन्या तर सुट्या भागाची यंत्राशी सांकेतिक गाठ मारतात, म्हणजे दुसरा भाग बसविला की एखादी सोय बंद पडते. ज्या जमिनीचा कस आपल्या घामाने वाढतो, तिच्यावरून कुळाला उठविले जाई, तेव्हा आपण ‘कसेल त्याची जमीन’ म्हटले. ज्याने यंत्राची पूर्ण किंमत मोजली, त्याला ते उघडण्याची मुभा नसेल, तर तो मालक नाही. तो कूळच आहे.

आपल्या देशात या प्रवृत्तीला अटकाव झालाच नाही असे नाही. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांना न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिले झाली. परंतु तत्त्व नोंदले गेले. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक संकेतस्थळही सुरू झाले. संकेतस्थळ माहिती देते, हक्क देत नाही. याच्या तुलनेत फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले, आणि अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने सुट्या भागांच्या सांकेतिक गाठीवर बंदी घातली. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे शक्य होते, ते येथे अशक्य का ठरावे?

कंपन्यांचा युक्तिवाद असा की, अनभिज्ञ माणसाने यंत्र उघडले तर अपघात होईल. धोका खोटा नाही; लिथियमची बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. पण धोक्यावरचा उपाय माहिती लपविणे हा नसून ती देणे हा आहे. आपल्यातील काही मित्र दुसऱ्या बाजूने विचारतील की, गांधींचे नाव घेणाऱ्यांनी या यंत्रांच्या नादी का लागावे? त्यांनी आठवावे की, गांधींनी १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या यंत्रविरोधातून अपवाद केले होते, आणि अशी यंत्रे बनविणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखाली असावेत, असेही म्हटले होते. त्यांची कसोटी माणूस यंत्राचा स्वामी राहतो की नाही, ही होती.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. तेथील कासाराच्या दुकानात फुटका हंडाही कधी निरुपयोगी ठरला नाही. त्याची मोड तोलून घेतली जाई, झिजलेल्या भांड्याला कल्हई होई, चेपलेल्याला ठोक मिळे. दुरुस्ती ही या गावाच्या अर्थव्यवहाराची सहज वृत्ती होती. पितळ मागे पडले, कारागिरांचे हात रिकामे झाले. त्याच गावातील तरुणाला आज पेचकस हाती घेण्याची भीती वाटावी, हा काळाचा महिमा नव्हे; ती शिकविलेली भीती आहे.

म्हणून केवळ ठराव पुरेसा नाही. प्रत्येक तालुक्यात वाचनालयात वा पक्षाच्या कचेरीत महिन्यातून एक दिवस दुरुस्तीचे बाक मांडावे. त्यास एक जुना मॉनिटर, दोन केबली, पेचकसांचा एक संच आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकलेले दोन तरुण एवढे पुरे. तेथे यंत्र आणणाऱ्याने केवळ ते दुरुस्त करून न्यावे असे नव्हे, तर बिघाड ओळखायला शिकून जावे. निघालेला फुटका पडदा उकिरड्यावर न टाकता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. प्रत्येक यंत्राची नोंद ठेवावी: काय बिघडले, भाग कोठे मिळाला, किती दिवस लागले, कोणत्या कंपनीने काय नाकारले. अशा नोंदी हाती असतील, तेव्हाच पुस्तिका, सुटे भाग आणि दुरुस्तीसुलभतेचे गुण सक्तीचे करा, ही मागणी आमदार-खासदारांसमोर वजनाने मांडता येईल. धानाच्या नोंदणीचा हंगाम दरवर्षी ठरलेला असतो. पुढच्या हंगामापूर्वी निदान एका तालुक्यात हे बाक उभे राहावे.