फादर स्टॅन यांचा प्रश्न आपल्या तालुक्याला

झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी शिरूर तालुक्यात कधी आल्याचं मला माहीत नाही. कोरेगाव भीमा आपण पाहिलेलंही नाही, असं त्यांनी अटकेपूर्वीच सांगितलं होतं. तरी ८ ऑक्टोबर २०२० रोजी माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून रांचीत त्यांना अटक झाली ती आमच्याच तालुक्यातल्या या गावाचं नाव पडलेल्या खटल्यात. वय ८३. कंपवातानं हात इतके थरथरत, की पाण्याचा पेला धरवेना. नळीच्या पेल्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले, तेव्हा जामिनाचं प्रकरण उच्च न्यायालयात होतं आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.

त्यांच्याबद्दल आमच्याकडे बोलणं निघतं ते खटल्यापुरतंच. मी शिरूर आणि दौंडच्या कोर्टांत वकिली करते. मला त्यांचं त्याआधीचं काम मोठं वाटतं.

तिरुचिरापल्ली जिल्ह्यातला हा मुलगा येशूसंघात गेला. झारखंडच्या सिंहभूम भागात ‘हो’ आदिवासींमध्ये राहिला. फिलिपाइन्समध्ये समाजशास्त्र शिकला. पुढे ब्रुसेल्सला शिकताना ब्राझीलमध्ये गरिबांसाठी झटणारे आर्चबिशप हेल्डर कामारा यांच्याशी त्यांची मैत्री झाली. १९७५ ते १९८६ या काळात त्यांनी बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचं संचालकपद सांभाळलं आणि मग पुन्हा झारखंड गाठलं. शाळा-दवाखाने चालवणारे धर्मगुरू पुष्कळ आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. फादर स्टॅन एक पाऊल पुढे गेले. जमीन आदिवासींची, तिच्या पोटातला कोळसा आणि लोखंडही तिथलंच, मग माणूस दरिद्री का, असं ते विचारू लागले. आदिवासींच्या हक्कांसाठीचे पेसा कायदा, वनहक्क कायदा, १९९७चा समता निकाल हे सगळं कागदावर आहे; गावात का नाही, हेही त्यांनी विचारलं.

पुढचं पाऊल थेट तुरुंगाच्या दारात नेणारं होतं. नक्षलवादी ठरवून डांबलेल्या तरुणांची त्यांनी चौकशी सुरू केली. रांचीजवळच्या ‘बगईचा’ केंद्रातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १०२ कच्च्या कैद्यांचा अभ्यास करून २०१६ मध्ये अहवाल काढला. बहुतेक जण गरीब, बहुतेक आदिवासी. अशा कैद्यांसाठी ते झारखंड उच्च न्यायालयात गेले. कच्च्या कैद्यांसाठी झगडणारा हा माणूस स्वतः कच्चा कैदी म्हणूनच मेला.

आता आपल्याकडे बघा. भीमा आणि घोड नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात रात्री विहिरीवरच्या मोटारीची केबल जाते, डीपी फोडून तांब्याची तार नेली जाते. शेतकऱ्याचं नुकसान खरं असतं, राग खरा असतो. पण सकाळी संशय पहिल्यांदा जातो तो पारध्यांच्या पालांवर. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्या कपाळावर मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. लोकांच्या मनातून गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात पुन्हा सांगावं लागलं, की विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होता कामा नये.

आणि जामीन मंजूर झाला तरी माणूस सुटतोच असं नाही. जामीनदार लागतो, जामीनदाराचा सातबारा किंवा ऐपतीचा दाखला लागतो. पालात राहणाऱ्या बाईनं सातबारा कुणाचा आणायचा? नवरा आत, लेकरं कोर्टाच्या आवारात, आणि ती ओळखीच्या बागायतदाराच्या दारात उभी. तो मनानं वाईट नसतो. “उद्या हा तारखेला आलाच नाही तर?” एवढंच विचारून तो आत जातो. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबाकडून झेपणार नाही असा जामीन मागण्यावर कडक ताशेरे ओढले. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं: महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा. हे निकाल अर्जात लिहून न्यायाधीशांपुढे ठेवणं हे आम्हा वकिलांचं काम आहे आणि ते आम्ही पुरेसं करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फादर स्टॅन यांच्यावरचे आरोप खटल्यात सिद्ध झाले नाहीत आणि खोडलेही गेले नाहीत, कारण खटला उभाच राहिला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेनं अहवाल दिला, की त्यांच्या संगणकात बाहेरून फाइली घुसवल्या होत्या. त्यांच्या हयातीतच या फाइलींची कोर्टात छाननी व्हायला हवी होती. ती झाली नाही, हा मला आपल्या न्यायव्यवस्थेवरचा डाग वाटतो.

शिरूर आणि दौंडच्या तालुका विधी सेवा समित्यांना माझी विनंती आहे: आपल्या तालुक्यांतले किती कच्चे कैदी केवळ जामीनदार नाही म्हणून आत आहेत, त्याची यादी करा आणि ती जाहीर करा. चर्चमधल्या फादरांनी, मठ-मंदिरांच्या विश्वस्तांनी, वारकरी मंडळींनी त्या यादीतली दोन-दोन कुटुंबं आपली मानावीत. आणि ज्यांच्या नावावर एखादा एकर रान आहे, त्यांनी पुढच्या वेळी पारधी बाई दारात आली, तर तिच्या वकिलाशी बोलून, प्रकरण समजून घेऊन जामीनदार म्हणून सही करावी.